हसूशेठचा एकच सवाल

"उलटं धरलंस, हसू! अरं, उलटं धरलंस ते. चिखल येल मिठात. ठेव खाली."

सभागृहात अंधार, पडद्यावर माहितीपट चालू, आणि ओरडणाऱ्या बाई स्वयंपाकघराच्या दारात हातात चहाची किटली घेऊन उभ्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला लागेल न लागेल इतकी. माईक नाही, काही नाही. तरी तो आवाज असा गेला, की खाडीकडच्या तीस मजली इमारतींतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, असं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. ऐकलं म्हणजे मीच कुणाला तरी सांगत होतो. पण सांगताना मला ते पटलं.

ज्या हसूवर त्या ओरडत होत्या तो पडद्यावर होता. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढत होता. आणि तोच हसू, म्हणजे आमचे हसूशेठ, पहिल्या रांगेत मधोमध बसून स्वतःला मीठ ओढताना बघत होते. सभागृह त्यांचं, चहा त्यांचा, कार्यक्रम त्यांच्या जिवावर चाललेला, आणि ओरडणारी त्यांची सख्खी थोरली बहीण.

त्या ओरडण्याने हसूशेठचं काय गेलं हे कळायला आधी हसूशेठ कोण ते सांगायला हवं.

मी डोंबिवलीच्या कारखान्यांच्या भागात औषधाच्या गोळ्यांची खोकी डिझाईन करतो. तुम्ही गोळी काढून जे खोकं फेकून देता, ते नीट उघडावं म्हणून मी तीन-तीन आठवडे घालवतो. आम्ही असेच चार-पाच जण मिळून समकालीन कला आणि डिझाईन यांवर व्याख्यानं ठेवायचो, माहितीपट दाखवायचो. प्रवेश सर्वांना खुला होता, त्यामुळे कुणी येत नसे. जागा म्हणजे एका शाळेचा वर्ग. तिथे एका कलाकाराने व्याख्यान म्हणून दीड तास भिंतीकडे तोंड करून उभं राहून दाखवलं. मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. त्यांना वाटलं, आपल्या शाळेत एवढ्या मोठ्या माणसाला कुणीतरी शिक्षा केलीय. पालकांत बोभाटा नको म्हणून त्यांनी वर्ग काढून घेतला.

मग कुणीतरी सांगितलं की कोलशेतला लग्नाचा एक मोठा हॉल आहे, मालक जरा वेगळा आहे, विचारून बघा.

मालक तळमजल्यावरच्या कचेरीत पंचांग उघडून बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि गळ्यात साखळी इतकी जाड की तिने स्कूटर खांबाला बांधता आली असती. मी आमच्या उपक्रमाबद्दल सविस्तर बोललो. त्यांनी पंचांगातून मान वर न करता विचारलं, "दाखवनार काय?"

"माहितीपट. चित्रकार, शिल्पकार, खुर्च्या बनवणारे, अक्षरं काढणारे, असे."

"काम करताना दिसतात? का निस्ते बसून बोलतात?"

"दोन्ही."

"बोलनं कमी करा. मानूस काम करताना दिसला पायजे." मग त्यांनी पंचांगावर बोट ठेवलं. "ज्या शनवारी मुहूर्त नाय, तो शनवार तुमचा. भाडं नको. चहा आमची बाय करंल."

अशी ठाणे जिल्ह्यातली समकालीन कला पंचांगाला बांधली गेली. तुळशीचं लग्न लागलं की आमचे कार्यक्रम बंद. वैशाखात तर आम्ही आहोत याचा पुरावा सापडत नसे. आषाढी एकादशी झाली की आम्हाला पालवी फुटायची. चातुर्मासात दर शनिवारी काही ना काही दाखवायचो, आणि पितृपक्ष म्हणजे आमची सुगी. परदेशात स्थायिक झालेल्या एका शिल्पकाराला मी कळवलं होतं, की आपलं व्याख्यान शुक्राच्या अस्तात ठेवलं आहे. त्याला ती कल्पना इतकी आवडली की तो स्वतःच्या खर्चाने आला.

हॉलमध्ये सहाशे खुर्च्या आणि श्रोते आठ. एकमेकांशी बोलायचं तर फोन लावावा लागे. रंगमंचावर नवरानवरीचं लाल मखमलीचं सिंहासन होतं. ते जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं, हलत नसे; त्यामुळे वक्ता त्यावरच बसे. 'कमीत कमी वस्तूंचं घर' या विषयावर बोलायला आलेल्या एक वास्तुरचनाकार बाई त्या सिंहासनात, दोन सोनेरी सिंहांच्या मध्ये, डोक्यावर थर्माकोलचे मोर घेऊन दीड तास बोलल्या. बोलता बोलता त्यांचं मत बदललं असावं, कारण निघताना त्यांनी सिंहासन कुठे मिळालं ते विचारलं. आवाजाची यंत्रं सांभाळणारा बबन सवयीने वक्ता जागेवरून उठला की सनई लावायचा. दोन वेळा सांगून पाहिलं. पुढे वक्तेच तिची वाट बघायला लागले.

हसूशेठ पहिल्या रांगेत मधोमध बसायचे. एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. वक्ता आला की ते नमस्कार करत नसत. त्याचा उजवा हात हातात घ्यायचे, पालथा करायचे, परत उताणा करायचे आणि अंगठ्याच्या बुडाशी आपला अंगठा दाबायचे. हळूच, पण नेमका. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, ही खाडीकाठची स्वागताची पद्धत असेल. एक चित्रकार तर परत जाऊन सगळ्यांचे हात दाबायला लागला, असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो.

नंतर शाल, नारळ आणि किलोभर जाडं मीठ, कापडी पिशवीत. "आमच्या आगरातलं हाय," शेठ माईकवरून सांगायचे. "आमी मिठातली मानसं. मिठातून वर आलो." त्यांच्या आगरावर, म्हणजे त्यांच्या जुन्या मिठागरावर, आता बावीस मजले उभे होते, त्यातून मीठ निघणं अवघड होतं. ते मी कल्याणच्या बाजारातून आणायचो. शेठ मला मिठाचे पैसे देताना माझ्याकडे बघत नसत आणि मी पिशवी आणून देताना त्यांच्याकडे. आमचं छान जमलं होतं.

व्याख्यान संपलं की प्रश्नोत्तरं. इतर लोक प्रश्न विचारायचे म्हणजे स्वतःच दहा मिनिटं बोलायचे आणि शेवटी "यावर आपलं काय मत?" म्हणायचे. हसूशेठचा प्रश्न कायम शेवटचा, कायम एकच, आणि दोन शब्दांचा.

"दुखलं कुठं?"

पहिल्यांदा हा प्रश्न ज्यांना आला ते गृहस्थ कल्पनांवर काम करणारे कलाकार होते. ते नुसती सूचना लिहीत आणि बाकीचं सगळं बघणाऱ्याने मनात करायचं. ते म्हणाले, "माफ करा, समजलं नाही."

"हे बनवताना दुखलं कुठं? हात, पाठ, मान. कुठं तरी दुखलं असंल ना?"

गृहस्थ वीस मिनिटं वेदना या संकल्पनेवर बोलले. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नाय दुखलं. बरं झालं. तुमचं भागलं." त्यात टोमणा नव्हता. खरोखरच एखाद्याचं दुखणं टळलं म्हणून माणूस बोलतो तसं ते बोलले होते. गृहस्थ मात्र पुढे दोन वर्षं लाकूडकाम शिकत होते अशी माझी माहिती आहे.

मातीकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मोठमोठे रांजण करायच्या आणि ते न भाजता समुद्रात सोडून द्यायच्या. शेठनी स्वागताला हात दाबला तेव्हाच म्हणाले, "इथं." बाई दचकल्या. "हो, इथंच. गेली चार वर्षं. डॉक्टरलासुद्धा नीट दाखवता येत नाही मला." त्या दिवशी प्रश्नोत्तरांत शेठ काही विचारायला उठले नाहीत. मी आठवण केली तर म्हणाले, "तिचं आल्या आल्याच झालं."

अक्षरं काढणारा एक तरुण डोंबिवलीचाच होता. तो म्हणाला, मान. शेठ म्हणाले, "मान म्हंजे बारीक काम." एका परदेशी खुर्चीवरच्या माहितीपटात पाऊण तास खुर्चीबद्दल बोलणं झालं आणि खुर्चीवर कुणी बसलंच नाही. दिवे लागल्यावर शेठ म्हणाले, "हिला बनवनाऱ्याचा हात एकदा तरी दाखवायचा व्हता." मला खोक्यांबद्दल त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हणालो, डोळे. त्यावर त्यांनी मला खोकीवाले असं नाव ठेवलं आणि ते कायम राहिलं.

हळूहळू झालं असं, की लोक त्या प्रश्नासाठी यायला लागले. आठाचे चाळीस झाले. मोहन्याहून बंद पडलेल्या कारखान्यातले निवृत्त कामगार येऊन बसायला लागले. कला त्यांना पटत नसे, पण शेवटच्या प्रश्नाच्या वेळी ते पुढे सरकून बसत. वक्ते घरून उत्तर तयार करून येत. एकाने तर मुद्दाम पट्टी बांधून आणली. शेठनी ती सोडायला लावली.

या प्रश्नाला वजन होतं ते बाहेरच्या दालनातल्या फावड्यामुळे. आत शिरताना समोरच्या भिंतीवर ते लावलेलं होतं. सहा हात लांब दांडा, पुढे आडवी लाकडी फळी, वर खास दिवा. मिठागरात साठलेलं मीठ ओढून काठाला आणायचं ते अवजार. प्रत्येक वक्ता त्यासमोर थांबायचा. खुर्च्या बनवणारे एक प्राध्यापक त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले की बबनला वाटलं, हाच कार्यक्रम आहे. फळीचा उतार, दांड्याचा तोल यांवर ते बोलले आणि हसूशेठ शेजारी उभे राहून ऐकत होते. "तुम्ही स्वतः वापरलंय?" त्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, "मिठातलीच मानसं आमी." हो किंवा नाही म्हणाले नाहीत. आम्ही सगळ्यांनी ते हो असं धरलं. पन्नास वर्षांपूर्वीचा मिठात राबणारा मुलगा आज कलाकारांना विचारतोय की दुखलं कुठं. इतकं देखणं चित्र कुणाला मोडावंसं वाटेल? मी तर माझ्या प्रास्ताविकात त्यांच्या तळहाताला मिठाने पडलेल्या भेगासुद्धा घालत असे.

त्यांची बहीण हिराबाय. सगळे त्यांना नुसतं बाय म्हणत. त्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायच्या आणि मागच्याच दाराने जायच्या. सहा वर्षांत पुढच्या दालनात त्यांनी पाय ठेवला नव्हता. चहा असा करायच्या की तो पिऊन माणूस अमूर्त चित्रकलेवरसुद्धा जागा राहायचा. त्यांचं लग्न राहून गेलं होतं, आणि भावाने हॉल मात्र लग्नाचाच बांधला होता. कप देताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा सरळ व्हायचा नाही. कप त्या चार बोटांवर तोलून धरायच्या. मी एकदा म्हटलं, "बाय, तुम्हीही या ना आत, छान फिल्म आहे." त्या म्हणाल्या, "तुमची फिलम चालू दे. दूध उतू जाईल."

मग आली रेवती. कल्याणची मुलगी, डिझाईन शिकलेली. हातांनी वापरायच्या जुन्या अवजारांवर ती माहितीपट करत होती. तिने फावडं पाहिलं, शेठना पाहिलं आणि ठरवून टाकलं.

"काका, तुम्ही मीठ ओढताना मला शूट करायचंय."

शेठनी तिला तीन महिने फिरवलं. आधी गुडघा दुखत होता. मग भरतीची वेळ जुळत नव्हती. मग घरात कुणाचं तरी श्राद्ध आलं; ज्यांचं आलं त्यांना मी पुढच्या आठवड्यात बाजारात भेटलो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण प्रास्ताविकातल्या त्या भेगा मला इतक्या आवडल्या होत्या की ती आली नाही. शेवटी एका कार्यक्रमाला, सगळ्यांसमोर, रेवती उठून म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्यांना विचारता दुखलं कुठं. एकदा मला तुम्हाला विचारू द्या ना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ हसले, पण साखळीशी खेळायला लागले. "काढ," ते म्हणाले.

खाडीच्या काठाला पडीक मिठागराचा एक तुकडा उरला होता. तिथे पाणी भरलं, कल्याणहून मी गोणीभर मीठ आणून टाकलं, आणि एका सकाळी शेठनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते फावडं ओढलं. मी हजर होतो. उन्हात पांढरं पाणी, पांढरा शर्ट, वाकलेली पाठ. मी रेवतीला म्हटलं, हे बघून जग रडेल.

प्रदर्शन ठेवलं पितृपक्षातल्या शनिवारी. शेठनी सगळ्या गावाला सांगितलं होतं. सहाशे खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे, आणि प्रेक्षकांचं चित्रण करायला रेवतीने कोपऱ्यात कॅमेरा चालू ठेवलेला. शेठनी त्या दिवशी बहिणीलाही निरोप दिला होता, की चहा नंतर, आधी फिलम बघ. त्या आल्या, पण दारापर्यंतच, आणि किटली हातातच ठेवली.

आणि मग पडद्यावर हसूशेठनी फावडं ओढलं, आणि बाय ओरडल्या.

बबनने घाबरून फिल्म थांबवली आणि दिवे लावले. सवयीने सनईसुद्धा लावली आणि लगेच बंद केली. सहाशे माणसं एकाच वेळी मागे वळली आणि मग पुढे. बाय पडद्याकडेच बघत होत्या. पडद्यावर शेठ थांबलेले होते, फावडं उलटं. "फलीची तासलेली बाजू वर पायजे," त्या आता जरा खालच्या आवाजात, जणू लहान पोराला सांगावं तसं सांगत होत्या. "अशी धरली तं फली खाली रुततं. काला चिखल वर येतंय. अख्खी रास फुकट जातंय. कवा शिकनार तू?" मग त्यांना सगळीकडून वळलेली तोंडं दिसली आणि त्या दाराशी मागे सरकल्या.

रेवती शेठजवळ धावली. मी मागोमाग. ती खालच्या आवाजात म्हणाली, "काका, सॉरी, मी तेवढा भाग काढून टाकते. कुणाला कळणार नाही. आपण परत शूट करू."

शेठ पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होते. पहिल्या रांगेत आमदारकीला उभं राहायची इच्छा असलेले दोघे बसले होते, गावातले सगळे जाणते होते, ज्यांना शेठनी आयुष्यभर "आमी मिठातली मानसं" असं सांगितलं ती पुढची पिढी होती. एक शब्द बोलले असते की "पन्नास वर्सं झाली, इसरलो," तरी निभावलं असतं. मी स्वतः ते वाक्य त्यांच्या कानात सांगायला वाकलोच होतो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, रंगमंचावर गेले आणि बबनकडून माईक घेतला. सिंहासनावर बसले नाहीत.

"या पोरीची चूक नाय," ते म्हणाले. "मी सांगितलं तसं तिनं काढलं. मी आगरात एक दिस काम नाय केलंय. बाप गेला तवा मी दुसरीत व्हतो. बाय चवदा वर्साची. ती आगरात गेली, मी शालेत गेलो. फावडं तिचं हाय. मी निस्तं भिंतीवर लावलं."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मीठ पन आपलं नाय. कल्यानवरून येतं. हे खोकीवाले आनतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "ते म्हायीत हाय, शेठ. पिशवीवर दुकानाचं नाव असतं."

थोडं हसू फुटलं. शेठ हसले नाहीत. "आनि तो सवाल," ते म्हणाले. "दुखलं कुठं. ज्याचं दुखलंय त्यानं इचारावा. मी कनच्या हकानं इचारत व्हतो? आजपास्नं बंद." त्यांनी माईक बबनला दिला आणि रेवतीला सांगितलं, "काही काढू नको. बाय वरडली तेबी ठेव त्यात."

बाय मधल्या वाटेने पुढे आल्या. मला वाटलं आता भावाला जवळ घेतील, मी रुमालसुद्धा काढला. त्या त्याच्या शेजारून गेल्या, पुढच्या दारातून बाहेरच्या दालनात गेल्या. आम्ही मागोमाग. फावड्यासमोर त्या उभ्या राहिल्या, हात पुरेना. बबनला म्हणाल्या, "उतरव." त्याने उतरवलं. त्यांनी ते हातात घेतलं, फळी पालथी केली, परत त्याच्याकडे दिलं. "आता लाव." म्हणजे सहा वर्षं ते भिंतीवरही उलटंच होतं. खुर्च्यांच्या प्राध्यापकांनी ज्या तोलाची तारीफ केली होती तो तोलही उलटाच होता. बाय वळल्या आणि म्हणाल्या, "चहा थंड होतंय," आणि कार्यक्रम संपला.

त्यानंतरही कार्यक्रम चालू राहिले. शेठ यायचे, पण शेवटच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसायचे. कुणाचा हात हातात घ्यायचे नाहीत, लांबूनच नमस्कार. व्याख्यान संपलं की लोक मागे वळून त्यांच्याकडे बघायचे आणि ते पंचांगाचं पान उलटायचे. एकदा कोपऱ्यातल्या निवृत्त कामगारांनी त्यांना आग्रह केला. "इचारा ना शेठ, आमाला काय फरक पडत नाय." ते म्हणाले, "मला पडतो." त्या एका वाक्यात ते शुद्ध बोलले, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मग मीच तो प्रश्न विचारून पाहिला. काच वितळवून काम करणाऱ्या एका कलाकाराला मी विचारलं, "दुखलं कुठं?" त्याने माझ्याकडे मेडिकलच्या दुकानातल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "तशी ॲसिडिटी आहे." चाळीसाचे परत वीस झाले. रेवतीचा माहितीपट मात्र बाहेरगावी फिरत राहिला. ठिकठिकाणी अंधारात एक म्हातारी आपल्या भावावर ओरडायची आणि लोक म्हणे तिथेच टाळ्या वाजवायचे. शेठना हे सांगितलं की ते विचारायचे, "आवाज नीट येतो ना तिचा?"

ज्येष्ठातल्या ऐन मुहूर्ताच्या दिवशी ते गेले. हॉलमध्ये कल्याणच्या एका घरचं लग्न होतं. शेठच्या घरच्यांनी लग्न थांबवू दिलं नाही. शेठनीच तसं कधीतरी सांगून ठेवलं होतं म्हणे. वरात निघाली, बँडवाले वाद्यं काखेत धरून नुसते चालले. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत. ही एवढी होती तशीच सांगतोय.

बाराव्यानंतर मी हॉलवर गेलो. बाय स्वयंपाकघरात किटली घासत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, अस्थी सावडायला उशीर झाला होता तो विषय काढला, आणि शेवटी मनात राहिलेलं बोललो. म्हटलं, "बाय, तो प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क नाही असं धरून ते शेवटचं वर्ष गप्प बसले. तुमचं कुठे दुखायचं ते तुम्ही तरी त्यांना एकदा सांगायचं होतंत."

बायनी किटली पालथी घातली, हात पदराला पुसले.

"त्याला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "रोज सांजचं हाताला तेल तोच चोलायचा."